न मोजायची तेवीस मुलं

प्रमिला हुंडेकरीचं अक्षर वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला तिच्याबद्दल बरंच चांगलं सांगावं लागणार आहे आणि ते माझ्या अगदी जिवावर येतं. फळ्यावर तिची ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत वीतभर खाली उतरते. तिचा एक आणि तिचा सात ओळखू येत नाही. तरी दुबईतल्या आमच्या शाळेत कुणालाही विचारा, प्रायमरीत गणित चांगलं कोण शिकवतं? स्कूलबसवर मुलांना चढवणारी-उतरवणारी मैमुनाबीसुद्धा प्रमिलाचंच नाव घेईल. आणि मी कोण? मी कुंदा परचुरे, एमएस्सी मॅथ्स, फर्स्ट क्लास, पुण्याची, ह्याच शाळेत एकोणीस वर्षं. माझंही नाव घेतात, नाही असं नाही. "पेपर कुंदा मॅडमकडे द्या, अर्धा मार्क इकडचा तिकडे होणार नाही," म्हणतात. म्हणजे शिकवायला ती आणि तपासायला मी.

आमची शाळा अल क्वोजमध्ये आहे. एका बाजूला टायरचं गोडाऊन, दुसऱ्या बाजूला फरशा कापायचा कारखाना. सहा वर्षांपूर्वी प्रमिला इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. नवरा सूर्यकांत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत मेन्टेनन्सला आहे. माझा सतीशही तिथेच दुसऱ्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो, आणि आमच्या बिल्डिंगा शेजारीशेजारी. म्हणजे दिवसभर शाळेत ही, आणि संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली उतरावं तर सुपरमार्केटातही हीच! मूळची सोलापूरची. बीए, बीएड, आणि विषय कुठला? इतिहास. इतिहासाची बाई गणित शिकवते आणि लोक तिला डोक्यावर घेऊन नाचतात. जळो मेलं ते.

तिला शाळेने ब्रिज सेक्शन दिलं. वर्षाच्या मध्येच गावाकडून येणारी मुलं त्यात बसवतात. कुणाचा बाप गॅरेजवर, कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा फोरमन. नऊ-दहा वर्षांची पोरं, उर्दू नाहीतर कन्नड माध्यमातून आलेली. इंग्रजी पेपर हातात पडला की खिडकीबाहेर बघत बसायची. वर्गाची खोलीही अशी, की पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवायचे, बसपार्किंगला लागून. खोटं कशाला बोलू, ते सेक्शन आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, "नको बाई, मला आपली पाचवी-अ द्या." पाचवी-अ म्हणजे ट्यूशन लावलेली, घरी इंग्रजी बोलणारी, फडाफड उत्तरं देणारी मुलं.

प्रमिलाने काय केलं? पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कारखान्यातून तुटक्या फरशा मागून आणल्या. अर्धी फरशी, पाव फरशी, दोन पाव मिळून अर्धी. अपूर्णांक म्हणे! जमिनीवर सतरंजी घालून बसायची आणि तिच्या त्या सोलापुरी हिंदीत सुरू, "कायकू रे, कित्ते तुकडे हुए? देख बराबर!" ते हिंदी ऐकलं की माझे दात शिवशिवतात. पण विजापूर, गुलबर्गा, हैदराबादकडची पोरं, त्यांना ती बोली म्हणजे घरचीच. मैमुनाबी हैदराबादची. डबा खायला प्रमिला स्टाफरूम सोडून तिच्याकडे बसच्या सावलीत जाऊन बसायची. आम्ही इथे एसीत वाट बघतोय आणि ह्या बाई तिकडे खिदळतायत.

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस. आम्ही सगळे घरी पळतो. ही मात्र अल क्वोजच्या गल्ल्यांतून गॅरेजं फिरत बसायची, कारण पालकसभेला यायला त्या बापांना सुट्टी मिळत नाही. ते येत नाहीत तर मी जाते, असा हिशेब. अजरा नावाची एक मुलगी होती तिच्या वर्गात. तिचे वडील खैरुद्दीन गाड्यांचं डेंटिंग करतात. ते एकदा रस्त्यात भेटले. मला वाटलं, शाळेतली बाई म्हणून ओळखलं, नमस्कार करतायत. "मॅडम, आप प्रमिला मॅडमके स्कूलमें है ना?" म्हणाले. प्रमिला मॅडमके स्कूलमें! एकोणीस वर्षं मी तिथे झिजले आणि शाळा हिची.

टीचर्स डेला तिला एकेचाळीस कार्डं आली. मला सहा. त्यातलं एक चुकून माझ्या टेबलावर पडलेलं, आत 'डिअर प्रमिला मॅम'. मी घरी येऊन जेवताना नुसतं म्हटलं, की काही लोकांना मुलांचे लाड करून कार्डं मिळवायची सवय असते. माझी मिहिका सतरा वर्षांची आहे. फोनमधून मान वर न करता म्हणते, "आई, यू आर सो जेलस. इट्स क्यूट."

"क्यूट कसलं डोंबल!" मी म्हटलं. "मी फक्त जे आहे ते सांगतेय."

सतीश हसला आणि आमटी घेऊ लागला. नवरा अशा वेळी हसला की वाढून ठेवलेलं ताट उचलून घ्यावंसं वाटतं.

आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट सांगते. दर बुधवारी संध्याकाळी ही बया वही घेऊन माझ्याच घरी यायची. "ताई, जरा बघा की. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना उलटं करून गुणायचं, ते का ओ?"

"का म्हणजे? नियम आहे तसा."

"मला चालतंय की. पण पोरं गप बसत नाहीत, नियम म्हटलं की कायकू म्हणतात."

मग मला विचार करावा लागायचा. एकोणीस वर्षांत पाचवी-अ मधल्या एकानेही मला 'का' विचारलं नव्हतं. मी कागदावर पट्ट्या काढायचे, अर्ध्यात पाव किती वेळा बसतो ते रंगवून दाखवायचे. ती "अस्सं होय!" म्हणून मांडीवर थाप मारायची, शेवेच्या डब्यातली चिमूटभर शेव तोंडात टाकायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी माझी पट्टी तिच्या वर्गात फरशी होऊन यायची आणि सगळी शाळा म्हणायची, प्रमिला काय डोकं लावते! मी म्हणते, मग यायचंच कशाला माझ्याकडे? पण बुधवारी ती आली नाही की मीच गॅलरीतून दोनदा खाली वाकून बघायचे. तेही खरं आहे.

तर अशात आमच्या प्रायमरीच्या सुपरवायझर नोकरी सोडून केरळला परत गेल्या. स्टाफरूम आणि ऑफिसच्या मध्ये त्यांची काचेच्या दाराची केबिन आहे. दारावर नावाची पाटी, आत स्वतःचं कपाट. "पंधराशे दिरहम जास्त," मी घरी म्हटलं. "म्हणजे पस्तीस हजार रुपये झाले की गं," सतीश लगेच मोठ्याने म्हणाला. पैशांचं सोडा हो. मला ती पाटी हवी होती. ह्याआधी दोनदा ती माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांना गेली होती. ह्या वेळी स्टाफरूममध्ये दोनच नावं चालली होती, माझं आणि हिचं. प्रिन्सिपल धनंजय सरांनी जाहीर केलं की इन्स्पेक्शन होऊ दे, ज्याचं काम दिसेल त्याला केबिन.

इन्स्पेक्शन म्हणजे काय ते इथल्या शाळावाल्यांना विचारा. ऑथॉरिटीची माणसं येतात, वर्गात मागे बसतात, मुलांच्या वह्या उलटून बघतात आणि शाळेला शेरा देऊन जातात. आमची शाळा वर्षानुवर्षं 'ॲक्सेप्टेबल'. म्हणजे चालेल, ठीक आहे, कुणी नावाजणार नाही. सरांना 'गुड' हवं होतं. ऑक्टोबरात नवं सर्क्युलर आलं, वीस पानांचं. सरांनी मला बोलावलं.

"कुंदा मॅडम, ही वीस पानं कोण वाचतो! तुम्ही वाचा आणि मला तात्पर्य सांगा."

मी वाचलं. मी सगळं वाचते, शेवटच्या पानाच्या तळटीपांसकट. त्यात लिहिलं होतं, की चौथी-पाचवीची गणिताची सरासरी त्र्याहत्तरच्या वर हवी. आमची येत होती एकाहत्तर. तिसऱ्या पानावर होतं, की जी मुलं नुकतीच दुसऱ्या माध्यमातून आली आहेत ती सरासरीत मोजू नयेत, अशी विनंती शाळेला करता येईल. ब्रिजची तेवीस मुलं काढली की आम्ही चौऱ्याहत्तर. आणि चौथ्या पानावर दुसरी वाट होती. मुलं वर्षभरात किती पुढे गेली तेही शाळा दाखवू शकते, आणि ती प्रगती भरपूर असेल तर सरासरीची अट सोडून देण्यात येईल.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. माझी पाचवी-अ बाहत्तरवरून चौऱ्याहत्तरवर गेली होती. दोन मार्क. प्रमिलाचं ब्रिज सेक्शन चौतीसवरून एकसष्टवर. सत्तावीस! मी परत मांडला, मला वाटलं माझंच चुकलं. नव्हतं चुकलं. चौथ्या पानाने गेलो तर शाळा तरणार होती आणि तारणारी प्रमिला ठरणार होती. तिसऱ्या पानाने गेलो तरी शाळा तरत होती, पण मग ती तेवीस मुलं कुठेच दिसणार नव्हती आणि सत्तावीस मार्कही दिसणार नव्हते. दिसली असती ती फक्त पाचवी-अ.

सरांना मी तिसरं पान सांगितलं. चौथ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

सर एकदम खूश. "खलास! सवलत मागायची. पण सवलत म्हणायचं नाही हं मॅडम, फ्लेक्सिबिलिटी म्हणायचं. अर्ज तुम्हीच करा. आणि प्रमिला मॅडमना आत्ता काही सांगू नका, त्या उगाच भावनिक होतात."

अर्जासोबत एक तक्ता जोडायचा होता. मुलाचं नाव, आल्याची तारीख, आल्यावरच्या चाचणीचे मार्क, शेवटच्या चाचणीचे मार्क, न मोजण्याचं कारण. सर म्हणाले, "आल्यावरचे मार्क टाका, तेवढ्याने मुलं कच्ची आहेत ते कळतंय. शेवटच्या चाचणीला एनए, नॉट ॲप्लिकेबल, टाकून द्या."

दुपारी रिकाम्या स्टाफरूममध्ये मी बसले. तेवीस नावं, तेवीस तारखा, तेवीस आधीचे मार्क. मग तो रकाना आला. पहिल्या ओळीत मी एनए टाकलं आणि बघवेना. आकडा माहीत आहे, माझ्याच हाताने तपासलेला आहे, आणि तिथे एनए? एकोणीस वर्षांत मी एकही तक्ता अर्धवट ठेवलेला नाही. पाहुण्यांसमोर चहा ठेवावा आणि कपाला कान नसावा, तसं वाटायला लागलं. शिवाय जोडलेले तक्ते कोण वाचतं! असं मनाशी म्हणून मी एनए खोडलं आणि आकडे भरत गेले. अजरा: एकोणतीस, अडुसष्ट. तिचा पेपर मी तीनदा तपासला होता, कुठे काही कापता येतं का म्हणून. अर्धा मार्क सापडला, तो कापला होता. प्रत्येक आकड्यागणिक माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि तरी मी भरत होते. शेवटी सवयीने खाली सरासरीसुद्धा काढली आणि तिला चौकट केली. काय म्हणावं मला! कारणाच्या रकान्यात तेवीसही वेळा लिहिलं, 'मोजण्यास योग्य नाही.'

सरांनी न वाचता सही केली.

त्या बुधवारी प्रमिला आली, तेव्हा तिने अजराच्या घरच्या खजुराच्या वड्या आणल्या होत्या. मी एक खाल्ली. घशाखाली उतरली, नाही असं नाही.

जानेवारीत इन्स्पेक्शन आलं. दोन दिवस मी नवी साडी इस्त्री करून नेसत होते. माझ्या वर्गात इन्स्पेक्टरबाई दहा मिनिटं बसल्या, मान हलवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या ऑफिसात बोलावणं आलं. गेले तर सर घाम पुसतायत, कोपऱ्यात प्रमिला उभी, हाताला खडू, आणि टेबलाच्या पलीकडे निळा स्कार्फ बांधलेल्या इन्स्पेक्टरबाई. टेबलावर त्यांनी फरशीचा एक पाव तुकडा ठेवला होता आणि शेजारी माझा तक्ता. उघडा.

बाई इंग्रजीत, अगदी शांतपणे बोलल्या. "ह्या तेवीस मुलांना मोजू नका, असा तुमचा अर्ज आहे. तुमच्याच तक्त्याप्रमाणे ही मुलं शाळेत सगळ्यात जास्त पुढे गेली आहेत. मी आत्ता त्यांच्याच वर्गात होते. एका मुलीने मला ह्या तुकड्याने भागाकार शिकवला. ही मोजण्यास योग्य नाहीत, असं का लिहिलंय?"

प्रमिलाला ह्या अर्जाचं काही माहीत नव्हतं. तिने पुढे होऊन तक्ता बघितला. तिचं बोट एकेका नावावरून खाली गेलं आणि शेवटच्या रकान्यात थांबलं. मी सरांकडे बघत होते, सर माझ्याकडे.

"तक्ता कुंदा मॅडमनी केलाय," सर म्हणाले. लगेच! मराठी माणूस म्हणून पाठीशी उभा राहील, असं मला वाटलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला हे आकडे दिसले नाहीत?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. काय सांगणार? आकडे दिसले म्हणूनच नावं घातली, असं सांगणार? केबिन, पाटी, एकोणीस वर्षं, सगळं पाण्यात गेलेलं मला समोर दिसत होतं. नोकरीच राहते की नाही, हेही माहीत नव्हतं.

आणि तेव्हा प्रमिला बोलली. तिचं इंग्रजी तिच्या अक्षरासारखंच, पण बोलली. "मॅडम, शी ओन्ली टॉट मी फ्रॅक्शन. एव्हरी वेन्सडे. माय चिल्ड्रन्स पेपर, शी ओन्ली चेकिंग. इफ शी वॉन्ट टू हाइड, व्हाय शी विल फिल धिस कॉलम?" आणि तिने त्याच बोटाने आकड्यांच्या रकान्यावर टकटक केलं.

इन्स्पेक्टरबाईंनी तक्ता परत बघितला. चौकटीतली सरासरी बघितली. मग पहिल्यांदा हसल्या. "आकडे फार स्वच्छ भरलेत. कारण मात्र चुकीचं लिहिलंय. हा अर्ज परत घ्या. आम्ही ही मुलं मोजणार आहोत."

सर "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" करत त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी मी प्रमिलाला गाठलं. ती तोंड धूत होती. मी म्हटलं, "अगं प्रमिला, सरांनीच सांगितलं होतं मला…"

"सरांनी सांगितलं असेल ओ ताई." ओढणीने तोंड पुसत ती म्हणाली. "पण ते सर्क्युलर तुम्ही वाचलं होतं की. आत्ता बाईंनी मला चौथं पान दाखवलं वर्गात. तुम्ही सगळं वाचता."

तिने उघडा ठेवलेला नळ मी बंद केला.

"माझा राग होता ना? मग माझा करायचा. मला चार शिव्या घातल्या असत्या, तर चाललं असतं. पोरांना कशाला मोजू नका म्हणालात?"

तिचा आवाज चढला नाही. मला वाटलं, चढावा. भांडली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते, मागची सहा वर्षं काढली असती. ती वर्गाकडे निघून गेली आणि आतून पोरांचा गलका ऐकू आला. त्यानंतरचा बुधवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. सतीशने विचारलं, "काय गं, तुझी शिष्या येत नाही हल्ली?" मी म्हटलं, "कामात असेल." मिहिकाने फोन खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. तेव्हा मात्र मला वाटलं, हिने काहीतरी चिडवावं.

मार्चमध्ये शेरा आला: गुड. स्टाफरूममध्ये केक कापला. एप्रिलमध्ये काचेच्या दारावर पाटी लागली, प्रमिला एस. हुंडेकरी. मी टाळ्या वाजवल्या. माझे हात माझेच आहेत, वाजतात.

पहिल्याच मीटिंगमध्ये तिने नवी वाटणी वाचली. पाचवी-अ एका नव्या मुलीला. आणि मग मान वर न करता, "ब्रिज सेक्शन, कुंदा मॅडम." सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघायला लागली. सूड, दुसरं काय! पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार, मी मान हलवली. पण घरी येऊन सतीशसमोर अशी आग पाखडली की त्याने उठून टीव्हीचा आवाज मोठा केला.

पहिल्या दिवशी त्या बसपार्किंगजवळच्या खोलीत गेले. खुर्ची नाही. सतरंजी आहे, फरशा आहेत. ह्या वयात खाली बसायचं म्हणजे गुडघे वेगळा अर्ज करतात. बसले. चेहरे बरेचसे गेल्या वर्षीचेच होते. पुढेच अजरा. शाळेत काही लपत नाही, मैमुनाबीच्या बसमध्ये तर नाहीच. अजराने हात वर केला.

"मॅम, धिस इयर ऑल्सो वी आर नॉट काउंटिंग?"

तिने रागाने नाही विचारलं. आज पीटी आहे का, असं विचारावं, तसं विचारलं. मला एवढ्या वर्षांत वर्गात कधी असं झालं नव्हतं, मला मान फिरवून फळा पुसावा लागला, आणि फळ्यावर काहीच नव्हतं.

"काउंटिंग," मी म्हटलं. "सगळे काउंटिंग. यल्ला, चला, वह्या काढा."

सहा महिने मी त्यांना शिकवलं. ती 'का' विचारतात आणि मला उत्तर शोधावं लागतं. कधीकधी बुधवारी मी पट्ट्या काढत एकटीच बसते. अजराची सगळी गणितं पहिल्यांदाच बरोबर आली तेव्हा ती वही घेऊन धावली ती थेट काचेच्या केबिनकडे. शिकवलं मी, आणि दाखवायला तिला! मी दारात उभी राहून बघत होते आणि पोटात जुनंच दुखणं दुखत होतं. ते काही गेलेलं नाही. खोटं कशाला बोलू.

आता परत ऑक्टोबर आला. इन्स्पेक्शनवाल्यांनी त्या तेवीस मुलांचा पुढचा तपशील मागवलाय: मागच्या वर्षीची प्रगती, ह्या वर्षीची, आणि प्रत्येक वर्षी शिकवणाऱ्या शिक्षकाचं नाव. तक्ता सुपरवायझरने भरायचा असतो. काल प्रमिलाने कच्चा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मॅडम, आकडे तपासून द्या," एवढंच म्हणाली आणि गेली. ताई म्हणणं तिने त्या कूलरपासून सोडलंय.

मी हिरवं पेन काढलं. तिचं ते भयंकर अक्षर, एक आणि सात सारखेच, ओळी घसरत खाली निघालेल्या. आकडे बरोबर होते. मग शिक्षकाच्या नावाचा रकाना आला. ह्या वर्षीच्या रकान्यात माझं नाव, ते असणारच होतं. मी मागच्या वर्षीचा रकाना बघितला. ज्या वर्षी मी तेवीस वेळा 'मोजण्यास योग्य नाही' लिहिलं, ते वर्ष. तिथे तिने लिहिलं होतं, 'पी. हुंडेकरी आणि के. परचुरे'. खालच्या ओळीत पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा. वरच्याप्रमाणे म्हणून नुसती दोन टिंबं देऊन भागलं असतं, ती तिने दिली नव्हती. प्रत्येक मुलापुढे पूर्ण नाव.

मी मोजली. दोनदा मोजली. तेवीस.

डोळ्यांत पाणी आलं का? आलं. पण त्याच्याआधी पोटात दुखलं, आणि ह्या वेळी केबिनसाठी नाही, पाटीसाठी नाही. तिच्या जागी मी असते, तर तो रकाना मी असा भरला नसता. हे मला त्या कागदावर अगदी स्वच्छ दिसत होतं.